एक नग स्ट्रायकर, मेअखेर परतीच्या बोलीवर

२ जानेवारी. सकाळी ६.१०

नवी वही, वर्षाच्या तारखा छापलेली. नवं पेन. रोज साडेपाचला उठायचं ठरवलं आहे. आज चाळीस मिनिटं उशीर झाला, पण ती पेन शोधण्यात गेली, म्हणून धरत नाही. साखर बंद. रेफरीवर ओरडणं बंद. क्लबचा कारभार या वर्षी रुळावर आणणार म्हणजे आणणारच.

क्लबची परिस्थिती, भावना बाजूला ठेवून: दहा क्लबांच्या लीगमध्ये आपण नववे. दहावा येईल तो लीगबाहेर. मैदानाचं पाणी डिसेंबरपासून तोडलेलं आहे, खेळाडू घरून अंघोळ करून येतात आणि घरी जाऊन पुन्हा करतात. कोच सोडून गेला. जाताना शिट्टीही घेऊन गेला. तेव्हापासून मीच मानद सेक्रेटरी आणि मीच कोच. शिट्टी माझ्या दुकानातली वापरतो, व्हॅन मागे घेताना वाजवायची.

जमेची बाजू एकच, धाकटा. माझा सख्खा भाऊ. आपल्या अकरा गोलांपैकी नऊ त्याचे. उरलेले दोन समोरच्यांनी आपल्याच जाळीत मारले.

चहात साखर घेतली. उद्यापासून बंद.

५ जानेवारी. दुपारी

मोठ्या क्लबच्या सेक्रेटरीचा फोन. (मी त्याला टायवाला म्हणतो. भर उन्हात मैदानावर टाय घालून उभा असतो.) त्यांचा स्ट्रायकर पाय मोडून बसलाय, म्हणून त्यांना सीझन संपेपर्यंत धाकटा लोनवर हवा. बदल्यात ते त्यांचा राखीव गोलकीपर लोनवर देणार, त्याचा पगारही तेच देणार आणि वर आमच्या मैदानाचं पाणी जोडून देणार.

दोन दिवसांनी कळवतो म्हणालो. आवाज अगदी थंड ठेवला. फोन ठेवला आणि गोडाउनमध्ये खुर्च्यांच्या थप्प्यांमधून नाचलो. बायकोने पाहिलं. पाठ मोकळी करतोय म्हणालो.

पेपरात आपण वाचतोच. अडचणीतला क्लब दिसला की मोठे क्लब लोनच्या नावाखाली त्याची मान मुरगळतात. चांगला माणूस नेतात आणि नको असलेला गळ्यात मारतात. पण इथे त्यांची गाठ माझ्याशी आहे. एकोणीस वर्षं मी समारंभांना खुर्च्या, टेबलं, तंबू आणि कपबशा भाड्याने देतोय. वस्तू देणं आणि परत घेणं यातलं मला कळत नसेल तर कोणाला कळणार?

६ जानेवारी

धाकट्याच्या कानावर घातलं. तो व्हॅनमध्ये खुर्च्या चढवत होता. मला विचारतोयस की सांगतोयस, म्हणाला. मी म्हणालो, सांगता सांगता विचारतोय. त्याने आणखी दोन खुर्च्या चढवल्या. मग म्हणाला, ठीक आहे दादा, पण व्हॅन कोण चालवणार? मी चालवणार म्हणालो. तो हसला. का हसला ते कळलं नाही.

गुणी आहे पोरगा. कधी शब्दाबाहेर गेला नाही.

८ जानेवारी. संध्याकाळी ५

ऐतिहासिक दिवस!

टायवाला चौदा पानी करार घेऊन आला होता. मी त्याला बसवलं, चहा पाजला आणि सांगितलं की चौदा पानांत प्रामाणिकपणा मावत नाही. दुकानाचं पावतीबुक काढलं. एकोणीस वर्षांत या पावतीवर गेलेली एकही खुर्ची परत आली नाही असं झालेलं नाही. (२०० प्लास्टिकच्या खुर्च्या धरून नाही. तो पूर होता.)

पावती अशी: स्ट्रायकर, १ नग. बूट, २ नग. स्थिती चांगली, डाव्या गुडघ्यावर जुना ओरखडा. परत करण्याची वेळ ३१ मे, सकाळी दहापर्यंत. माल स्वच्छ धुऊन-पुसून परत करावा. तुटफूट झाल्यास भरपाई द्यावी लागेल. उशीर झाल्यास पुढील दिवसाचे भाडे लागू.

टायवाल्याने पावती दोनदा वाचली. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली की लोनवर दिलेला खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध खेळणार नाही. मी लगेच ताडलं! म्हणजे आमचा नवा कीपर त्यांच्याविरुद्ध आम्हाला उभा करता येणार नाही. ही ती मान मुरगळणारी ओळ. मी बाणेदारपणे ती खोडली. म्हणालो, साहेब, आमचा क्लब गरीब असेल, भोळा नाही. त्याने खांदे उडवले आणि खोडलेल्या जागी सही केली. चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

निघताना त्याने विचारलं, खेळाडूची लीगमध्ये नोंदणी वगैरे सगळं आहे ना? मी म्हणालो, अहो, घरचाच आहे. यावर त्याला बोलायला जागा राहिली नाही.

१५ जानेवारी

धाकटा एक बॅग घेऊन गेला. त्याच गाडीतून कीपर आला. उंची इतकी की दारातून वाकून आत आला आणि मग सरळ उभं राहिल्यावर पंख्याची धूळ त्याच्या केसांत. घरात सगळे त्याला लांब्या म्हणू लागले, तोही ओ देतो. धाकट्याची खोली दिली. पाय पलंगाबाहेर जातात म्हणून दुकानातलं एक स्टूल लावलं. (त्याची पावती केली. सवय मोडायची नाही.)

सकाळी सहा अंडी खातो. लोनच्या कागदात खाण्याचा उल्लेख राहिला.

येताना स्वतःची फाइल घेऊन आलाय. फोटो, डॉक्टरांचं पत्र, लीगचा नोंदणी फॉर्म, सगळं भरलेलं. कुठे द्यायचं विचारत होता. श्रीमंत क्लबांमध्ये कागदांचं फार स्तोम. दिला नेऊन लीगच्या ऑफिसात.

२४ जानेवारी

धाकट्याशिवाय पहिला सामना. ०–० बरोबरी! एक गुण! लांब्याने आठ बॉल अडवले. आपल्याकडून गोलच्या दिशेने एकही फटका गेला नाही, पण मी हे धोरण म्हणूनच आखलं होतं: गोल खायचा नाही, म्हणजे मारायची गरज उरत नाही.

नळाला पाणी आलं. खेळाडू सामन्यानंतर तासभर शॉवरखाली गात होते.

तिकडे धाकट्याने दोन मारले. पेपरात फोटो. खाली लिहिलंय की मोठ्या क्लबने शोधून काढलेला हिरा. शोधून काढला! तो आमच्या वरच्या खोलीत राहत होता.

३ फेब्रुवारी

व्हॅन मीच चालवतोय. जमतंय. मागे घेताना एक खांब लागला, पण खांबाची जागाच चुकीची आहे. एका बँक मॅनेजरच्या निवृत्तीच्या समारंभाच्या दीडशे खुर्च्या चुकून शाळेच्या हॉलवर उतरवल्या. समारंभ उभ्याने झाला. मॅनेजर चाळीस वर्षं बसूनच होते, तासभर उभं राहायला हरकत नव्हती. त्यांना तसं म्हणालो, त्यांना आवडलं नाही.

कंबर धरली आहे. व्यायाम सुरू करायला हवा. सोमवारपासून.

१२ फेब्रुवारी. सकाळी ११

लीगचं वेळापत्रक भिंतीवर लावताना लक्षात आलं की सीझनचा अगदी शेवटचा सामना, ९ मे, आपला आणि मोठ्या क्लबचा. लांब्या खेळू शकेल. माझ्या दूरदृष्टीचं मलाच कौतुक वाटलं. खजिनदाराला फोन करून सांगितलं. (खजिनदार पेशाने दातांचे डॉक्टर. फोनवर बोलताना मागे कोणीतरी कण्हत असतं.) ते म्हणाले, ओळ खोडलीत म्हणजे तुमचा भाऊही आपल्याविरुद्ध खेळू शकेल की.

हा मुद्दा माझ्या डोक्यात होताच. फक्त त्या क्षणी पुढे आला नव्हता.

काळजीचं कारण नाही. धाकटा आपल्याविरुद्ध गोल मारील का? काहीतरीच.

२१ फेब्रुवारी, रविवार

धाकटा जेवायला आला होता. केस कापलेले, अंगावर चांगला शर्ट, चालीतही फरक. धुऊन-पुसून ठेवतात असं दिसतंय. तिथे गुडघ्यासाठी वेगळा डॉक्टर आहे म्हणाला. खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. पगाराची स्लिप. त्याच्या नावाची पहिलीच. लांब्याने टाळी दिली. मी म्हणालो, कागदावर काय असतं, माणूस महत्त्वाचा. बायको माझ्याकडे बघत राहिली. दुकानात तो अकरा वर्षं काम करतोय, आणि घरातल्या माणसाला कोणी स्लिप देत नाही, हे तिला समजावून सांगायला हवं. आज नको. तिचा मूड बरा नव्हता.

निघताना धाकटा म्हणाला, दादा, व्हॅनचा मागचा दिवा फुटलाय. मी म्हणालो, माहीत आहे. (माहीत नव्हतं.)

७ मार्च

०–१ हरलो. वारा उलटा होता.

१४ मार्च

०–१ हरलो. वारा नव्हता. त्याचाही त्रास होतो.

१६ मार्च

पराभवाचं मूळ शोधलं. मूळ आपल्यात नसून लोनच्या पद्धतीत आहे. आज ‘न्याय्य लोनची अकरा तत्त्वं’ लिहायला घेतली. लीगला पाठवणार, पुढे पुस्तकही होईल. पहिलं तत्त्व: लोन देणारा आणि घेणारा यांना सारखंच वाईट वाटलं पाहिजे. दुसरं: अडचणीतल्या क्लबची अडचण बघून भाव पाडू नये. तिसऱ्या तत्त्वाला गिऱ्हाईक आलं.

बायकोने पहिलं तत्त्व वाचलं. म्हणाली, आणि जो जातो त्याला काय वाटतं ते कितवं तत्त्व? मी म्हणालो, हा व्यवहार दोन क्लबांमधला आहे. तिने वही मिटून दिली.

२८ मार्च

०–१. रेफरीवर ओरडलो नाही. रेफरीच्या भावावर ओरडलो, तो लाइनवर होता.

लांब्या मात्र सोनं आहे. लटकत्या दिव्यांच्या माळा शिडीशिवाय लावतो. आज एका समारंभात मालकिणीने विचारलं, हा तुमच्याकडे कायमचा आहे का? लोनवर आहे म्हणालो. तिला वाटलं दिव्यांबद्दल बोलतोय.

लांब्या आणि धाकटा रोज फोनवर बोलतात म्हणे. एकमेकांच्या खोल्यांत राहणारी माणसं काय बोलत असतील?

१८ एप्रिल

०–० बरोबरी! आणखी एक गुण. लांब्याने पेनल्टी अडवली. मी मैदानात धावत गेलो. कंबरेत लचक भरली आणि मला लांब्याने उचलून बाहेर आणलं. लोक टाळ्या वाजवत होते. कोणासाठी ते स्पष्ट नव्हतं, मी हात हलवला.

२ मे

हिशोब साफ आहे. धाकटा असताना सात गुण, नंतर दोन, एकूण नऊ. दहाव्या क्लबचे सगळे सामने संपले, त्यांचेही नऊ, पण गोलांच्या फरकात ते आमच्या पुढे सरकले. म्हणजे आता तळाला आम्ही. मोठ्या क्लबशी शेवटच्या सामन्यात एक गुण मिळवला की वाचलो. नाही तर बेचाळीस वर्षांचा क्लब लीगबाहेर. आणि मोठ्या क्लबला लीगचा कप हवा असेल तर जिंकावंच लागेल.

पाणी आलं, कीपर आला, आता एक बरोबरी. माझं लोन सीझनमधलं सर्वांत न्याय्य लोन ठरणार.

७ मे. संध्याकाळी

लांब्या खोलीबाहेर घुटमळत होता. म्हणाला, काका, एक सांगायचंय. त्याचं नाव अजून मोठ्या क्लबच्या यादीत आहे. ते कप जिंकले तर त्यालाही मेडल मिळणार. आयुष्यातलं पहिलं. मनात काही ठेवायचं नव्हतं म्हणून सांगतोय, म्हणाला. खेळायचं तर जीव लावूनच खेळेन.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, दंडापर्यंतच पोचला. सांगितलं, माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे.

मग धाकट्याला फोन केला. घराकडे बघ म्हणालो. तो म्हणाला, दादा, पावती तूच फाडलीस ना? मी म्हणालो, फाडली, पण तू समजून घे. म्हणाला, मी खेळणार दादा. नीट खेळणार. फोन ठेवला.

दमलेला असेल.

९ मे. संध्याकाळी ७

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे कोणी चुकीचं सांगू नये.

दहाव्या मिनिटाला धाकट्याने गोल मारला. १–०. उड्या नाही, नाच नाही, खाली मान घालून मागे फिरला. तिसाव्या मिनिटाला त्यांच्याच एका खेळाडूच्या पाठीला लागून बॉल त्यांच्या जाळीत. १–१! मी आखलेलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

पुढे लांब्या खांबांच्या मधे भिंतीसारखा. धाकट्याचे तीन फटके अडवले. एक तर बोटाच्या टोकाने. प्रेक्षक उभे राहिले. आणि तिसरा बॉल अडवल्यावर, सत्तराव्या मिनिटाला, लांब्या धाकट्याकडे बघून हसला. धाकटाही हसला.

मी ते पाहिलं. मेडल डोळ्यांसमोर आलं. विश्वास वेगळा आणि कोचची जबाबदारी वेगळी. मी लांब्याला बाहेर बोलावलं. राखीव कीपर आपल्याकडे नाही, कागदावर खजिनदारांचं नाव आहे. ते क्लिनिकमधून थेट आले होते, त्यांना ग्लोव्हज् दिले. लांब्या मैदानाबाहेर आला. बाकावर बसला आणि टॉवेल तोंडावर घेतला.

शेवट ४–१. उरलेले तिन्ही धाकट्याचे. खजिनदारांनी एकदा चष्मा पुसायला वेळ मागितला होता, तो रेफरीने दिला नाही. चौथ्या गोलनंतर धाकटा तिथेच उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी घड्याळात बघितलं.

१० मे

पराभवाची कारणं: मैदान ओलं. (पाणी त्यांनीच जोडून दिलं होतं. याचा विचार व्हायला हवा!) खजिनदारांचा चष्मा. लोनची पद्धत. माझ्याकडून म्हणाल तर काही नाही.

क्लब लीगबाहेर गेला. सकाळी मैदानावर गेलो तर आपला जुना माळी गोलची जाळी उतरवून घडी घालत होता. पुढच्या वर्षी लागेल का, विचारलं त्याने. मी जाळीचं दुसरं टोक धरलं.

चहात तीन चमचे साखर.

१४ मे. सकाळी १०

चमत्कार!

कपाच्या शर्यतीतला दुसऱ्या नंबरचा क्लब लीगकडे तक्रार घेऊन गेलाय. म्हणणं असं की मोठ्या क्लबने अडचणीतल्या क्लबकडून स्ट्रायकर नेला आणि त्याच क्लबविरुद्ध त्याला खेळवला, हे अन्यायाचं आहे. म्हणून सगळा व्यवहार तपासावा. माझीच तत्त्वं! मी लगेच माझी दोन तत्त्वं ऑफिसात नेऊन दिली.

ऑफिसातल्या बाईंनी लोनचा कागद मागितला. पावती जानेवारीतच दिली होती म्हणालो. त्यांनी शोधली. सापडली. त्यांना ती खुर्च्यांची वाटली होती, म्हणून लीगच्या वार्षिक सभेच्या खर्चाला लावून ठेवली होती. मग म्हणाल्या, खेळाडूचा मूळ नोंदणी फॉर्म आणा, एवढंच बाकी आहे.

आणतो म्हणालो. त्यात काय.

१५ मे

फॉर्मचं कपाट उघडलं. गेल्या सहा वर्षांतल्या सगळ्यांचे फॉर्म प्लास्टिकमध्ये. परदेशी गेलेल्या विंगरचा आहे. एकच सामना खेळून पळालेल्या पोराचा आहे. खजिनदारांचा आहे, फोटोसकट. धाकट्याचा नाही.

दुकानात बघितलं. पावतीबुकांत बघितलं. गादीखाली बघितलं.

आठवलं. सहा वर्षांपूर्वी तो संघात आला तेव्हा म्हणाला होता, दादा, माझा फॉर्म? मी म्हणालो होतो, तू घरचाच, तुझा करू सावकाश. रेफरीला द्यायच्या यादीत दरवेळी त्याचं नाव मीच लिहायचो, आणि त्याला सगळेच ओळखतात, त्यामुळे कोणी विचारलंच नाही.

चूक अशी नाही म्हणता येणार. विश्वास होता.

१९ मे. दुपारी १२

ऑफिसात जाऊन खरं काय ते सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. म्हणजे तुम्ही जो खेळाडू लोनवर दिलात, तो तुमचा नव्हताच? मी म्हणालो, असं कसं, सख्खा भाऊ आहे. बाई म्हणाल्या, त्याची नोंद इथे होत नाही.

निकाल संध्याकाळी.

१९ मे. संध्याकाळी ६

निकालाचं पान एक: नोंदणी नसलेला खेळाडू खेळवल्याबद्दल मोठ्या क्लबचे त्याने खेळलेल्या सर्व सामन्यांचे गुण रद्द. कप दुसऱ्या नंबरच्या क्लबला. ९ मेचा सामना आमच्या क्लबने ३–० जिंकला असे जाहीर. तीन गुण!!

वाचलो! नऊ अधिक तीन, बारा! फॉर्म न भरून मी क्लब वाचवला! एवढी दूरदृष्टी मोठमोठ्या कोचना नसते. खजिनदारांना फोन करून कळवलं, मागे कण्हणाऱ्यालाही कळवायला सांगितलं. मैदानावर गेलो, माळ्याला जाळी परत लावायला सांगितली. त्याने लावली.

१९ मे. संध्याकाळी ७.३०

पानाला मागची बाजू होती. तोच खेळाडू जानेवारीपूर्वी आमच्याकडून खेळला, त्या सामन्यांचेही गुण रद्द. सात गेले. उरले पाच. आमच्या वरच्यांचे नऊ. आधीच्या वर्षांचा विचार लीग स्वतंत्रपणे करेल.

माळ्याला सांगायला गेलो नाही. उद्या सांगेन.

लांब्याने निकाल वाचला. त्याचं मेडल गेलं. मी म्हणालो, ते तांत्रिक कारणाने गेलं. तो बरं म्हणाला आणि उद्याच्या समारंभाच्या दिव्यांची माळ सोडवायला बसला. मैदानात तो जीव लावून खेळला होता, हे मला तेव्हा नीट कळलं. त्याला तसं सांगायला गेलो होतो, पण माळेचा एक दिवा लागत नव्हता, त्यावरच बोलणं झालं.

२३ मे

वाईटातून चांगलं बघायचं. लोन मुळातच रद्द, म्हणजे ३१ तारखेची वाट बघायची गरज नाही. धाकटा घरी येणार. दुकानात गर्दीचे दिवस आहेत, व्हॅनला आता रस्त्यावरचा दिवाही लागलाय. (बाहेरून.) नोंदणीचा कोरा फॉर्म आणून ठेवला. या वेळी पहिला फॉर्म त्याचाच. खालच्या लीगमधून सुरुवात, दोन वर्षांत वर. योजना तयार आहे.

लांब्याला खोली कधी सोडणार विचारलं. आधी त्याच्याशी बोला, म्हणाला.

२७ मे. दुपारी ४

धाकटा आला. मी टेबल पुसून ठेवलं होतं, दोन पेनं, फॉर्म मधोमध. मोठ्या मनाने म्हणालो, झालं गेलं विसरू, सही कर.

त्याने खिशातून दुसरा फॉर्म काढला. मोठ्या क्लबचा. तीन वर्षांचा. कप गेला म्हणून टायवाला संतापलाय, पण माणूस सोडत नाही म्हणे. मी म्हणालो, मग आमच्या क्लबची परवानगी लागेल, भरपाई लागेल, न्याय्य काय ते ठरवावं लागेल. तो शांतपणे म्हणाला, दादा, कोणाला विचारायचं? मी कुठेच नाही. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, नवा खेळाडू म्हणून कुठेही सही करता येईल.

मग म्हणाला, सहा वर्षांत एकदा जरी हा कागद पुढे केला असतास ना, तर न वाचता सही केली असती. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही बोलता आलं असतं.

फॉर्म माझ्याकडे सरकवला. तूच भरून दे, तुझं अक्षर चांगलं आहे, म्हणाला. आणि साक्षीदार म्हणून घरचंच कोणी लागतं.

भरायला घेतला. नाव लिहिलं. पत्ता लिहिताना हात इथल्या पत्त्यावर गेला, त्याने तिकडचा सांगितला. उंची, वजन त्याने सांगितलं. पुढचा रकाना जन्मतारीख. मी वर्ष लिहिलं. मग पेन झटकलं. छताकडे बघितलं. पुन्हा पेन झटकलं. तो वाट बघत होता. शेवटी बायकोने स्वयंपाकघरातून सांगितलं, पंचवीस मे. म्हणजे परवा. तिने त्याला फोन केला होता. लांब्या तर केक घेऊन गेला होता. मला वाटलं होतं तो दिवे लावायला गेलाय.

पंचवीस मे लिहिलं. साक्षीदार म्हणून सही केली. खाडाखोड एकही नाही.

व्हॅनने सोडतो म्हणालो. नको दादा, चालत जातो, म्हणाला. बायकोच्या पाया पडला, माझ्याही. जिना उतरताना त्याच्या डाव्या पायाचा आवाज वेगळा येतो. गुडघा. हे अकरा वर्षं रोज ऐकत होतो.

५.१५

पुढच्या वर्षी विसरायचं नाही. २५ मे आत्ताच लिहून ठेवावी म्हणून वहीची पानं उलटली. ही वही डिसेंबरात संपते.